संगत आणि बालगुन्हेगारी

किशोरवयीन मुलांच्या नियमभंगात व गुन्ह्यांत समवयस्क मित्रांचा वाटा किती, याविषयीची समाजशास्त्रीय संकल्पना. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण आणि नागपुरी बोलीतली ‘पोट्ट्यायच्या नादी लागला’ ही तक्रार, दोन्ही दोष सोबत्यांच्या माथी मारतात. ‘समानशीलव्यसनेषु सख्यम्’ हे वचन मात्र सारख्या वळणाचीच माणसे एकत्र येतात असे सांगते. अभ्यासकांचा वाद नेमका याच दोन बाजूंचा आहे.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एडविन सदरलँड यांनी १९३९ मध्ये मांडलेल्या व १९४७ मध्ये नऊ विधानांत पक्क्या केलेल्या भेदमूलक साहचर्य सिद्धांतानुसार गुन्हेगारी वर्तन निकटच्या गटात शिकले जाते. गुन्ह्याचे तंत्र आणि त्याची समर्थनेही. संगत किती वेळा, किती काळ, किती लवकर आणि किती जिव्हाळ्याची यावर परिणाम ठरतो. (याला ‘वाईट मित्रांचा सिद्धांत’ म्हणणे ढोबळपणाचे आहे, कायदा पाळण्याची शिकवणही संगतीतूनच मिळते, असे सदरलँड मानतात.) उलट शेल्डन व एलेनॉर ग्ल्यूक यांनी बॉस्टनमधील ५०० अपचारी (कायदा मोडणाऱ्या) व ५०० इतर मुलांची तुलना करून (१९५०) बिघाड आधी आणि टोळी नंतर, असा क्रम लावला. टेरेन्स थॉर्नबेरी (१९८७) यांच्या मते संगत व वर्तन एकमेकांना वाढवतात. हे मत अधिक ग्राह्य वाटते. गार्डनर व स्टाइनबर्ग यांच्या २००५ च्या प्रयोगात मित्र सोबत असताना १३ ते १६ वर्षांच्या मुलांनी प्रौढांपेक्षा कितीतरी जास्त धोका पत्करला.

नागपुरात संगतीचा सर्वांत परिचित मामला पानठेल्यावरच्या खर्ऱ्याचा. सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेली पुडी मित्रांत वाटून खाल्ली जाते. वाटून घेणारा मुलगा यामुळे गुन्हेगार ठरत नाही. मात्र २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७७ नुसार बालकाला तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

बालकांविषयीच्या जुन्या कायद्यांत १९२४ चा मुंबईचा कायदा ठळकपणे येतो. नागपूर तेव्हा मध्यप्रांताची राजधानी होते आणि त्या प्रांताचा स्वतंत्र कायदा १९२८ चा. नागपूर मुंबई राज्यात आले ते १९५६ साली. त्यामुळे येथील इतिहास १९२४ पासून सुरू करणे योग्य नव्हे. २०१५ चा अधिनियम १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आला. त्यात ‘गुन्हेगार’ऐवजी ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ असा शब्दप्रयोग आहे. १६ वर्षांवरील बालकावर निर्घृण गुन्ह्याचा आरोप असल्यास बाल न्याय मंडळ प्राथमिक मूल्यनिर्धारण करते, म्हणजे त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालवावा का हे ठरवण्यासाठीची पाहणी. त्यात कृत्य कोणत्या परिस्थितीत घडले हेही पाहावे लागते आणि संगतीचा मुद्दा तेथे येऊ शकतो.

सुधारणेसाठी अपचारी मुलांना एकत्र ठेवले तर तीच एकमेकांची संगत बनतात, हा धोका डिशन, मॅकॉर्ड व पुलँ यांनी १९९९ मध्ये दाखवला. निरीक्षणगृहात (चौकशी चालू असताना बालकांना ठेवण्याच्या जागी) दाखल बालकांची वय, लिंग व अपराधाचे गांभीर्य पाहून विभागणी करण्याची तरतूद २०१५ च्या अधिनियमाच्या कलम ४७ मध्ये आहे.