पापण्यांच्या सौंदर्य शस्त्रक्रियेतील भुलीची निवड

पापण्यांवरची सैल, लोंबलेली कातडी आणि तिच्यामागे फुगलेली चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेला ब्लेफरोप्लास्टी म्हणतात. तिच्यासाठी भूल तीन प्रकारांनी देता येते: पापणीत इंजेक्शन देऊन तेवढीच जागा बधिर करणे, त्या इंजेक्शनच्या जोडीला शिरेतून गुंगीचे औषध देणे, किंवा पूर्ण भूल. सोलापुरात रुग्ण सहसा विचारतात, ‘पूर्ण झोपवणार की नुसतं इंजेक्शन?’ या विचारण्यातच ‘पूर्ण’ म्हणजे वरचा दर्जा आणि ‘नुसतं’ म्हणजे काटकसर, असा समज दडलेला असतो. वरच्या पापणीपुरता तरी तो चुकीचा आहे. तिथे न झोपलेला, जागृत रुग्णच सर्जनच्या कामाचा असतो.

कारण मापात आहे. काढायच्या कातडीची रेघ रुग्णाला बसवून आणि इंजेक्शनच्या आधी आखतात. आडवे झाल्यावर भुवई जागची सरकते, औषध भरल्यावर कातडी फुगते, आणि दोन्हींमुळे माप फसते. भुवईची खालची कड आणि पापणीचे केस यांच्यामध्ये निदान २० मिमी कातडी उरावी लागते. त्याहून कमी उरली तर झोपेत डोळा मिटत नाही आणि बुबुळ कोरडे पडते. टेबलावर मध्येच ‘डोळे उघडा, मिटा’ असे सांगून दोन्ही बाजू ताडून पाहतात. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगूभाषक म्हाताऱ्या विणकराला हेच ‘कळ्ळु तेरवंडी’ म्हणून तेलुगूत आणि अक्कलकोटकडच्या आजींना ‘कण्णु तेगीरी’ म्हणून कन्नडमध्ये सांगितले, तर डोळे पटकन उघडतात. न समजलेल्या सूचनेवर रुग्ण कपाळ आक्रसतो आणि भुवई वर जाऊन अंदाज चुकतो. पडलेली पापणी उचलण्याची शस्त्रक्रिया सोबत करायची असेल, तर मोठ्या माणसाला जागे ठेवणेच बरे.

डोळ्याच्या शस्त्रक्रियेत जागेवरची भूल १८८४ पासून आहे. त्या वर्षी कार्ल कोलर यांनी व्हिएन्नात कोकेनचे थेंब वापरून डोळा बधिर करून दाखवला. आज वापरतात ते लिग्नोकेन १९४३ मध्ये स्वीडनमध्ये तयार झाले. पापणीसाठी नेहमीचे मिश्रण म्हणजे २ टक्के लिग्नोकेन आणि १:२,००,००० प्रमाणात रक्तवाहिन्या आवळणारे अ‍ॅड्रेनालिन. एका वरच्या पापणीला १ ते दीड मिली पुरते. अ‍ॅड्रेनालिनसह लिग्नोकेनची कमाल मात्रा वजनाच्या दर किलोला ७ मिग्रॅ धरतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ४२० मिग्रॅ, २ टक्क्यांचे २१ मिली. दोन्ही पापण्यांना मिळून ३ मिली, म्हणजे फक्त ६० मिग्रॅ लागते. त्यामुळे इथे घोटाळा मात्रेत सहसा होत नाही. तो होतो सुई कुठे गेली यात, आणि घाईत.

सुई ३० नंबरची, बारीक. ती बाहेरच्या कोपऱ्याकडून, पापणीला समांतर, कातडीच्या लगेच खाली सरकवतात. टोक कातडीखाली दिसत राहिले पाहिजे. ती खाली स्नायूत गेली की रक्तवाहिनी टोचली जाते, बघता बघता निळसर गाठ येते आणि त्या बाजूचे माप गेलेच म्हणायचे. अशा वेळी हात थांबवून पाच मिनिटे दाबून धरावे. औषध आणखी खोल गेले तर पापणी उचलणारा स्नायू तात्पुरता लुळा पडतो. उलट अ‍ॅड्रेनालिन पापणी वर धरणारा छोटा म्यूलर स्नायू आवळते आणि पापणी एक-दीड मिमी वर चढते. म्हणून टेबलावर दिसणाऱ्या उंचीवर डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. इंजेक्शनची आग कमी करायची तर ९ मिली औषधात ८.४ टक्के सोडाबायकार्ब १ मिली मिसळावे आणि ते लगेच वापरावे. बधिरपणा दोन ते पाच मिनिटांत येतो, पण रक्तवाहिन्या आवळायला ७ ते १० मिनिटे लागतात. कातडी फिकट होईपर्यंत न थांबता सुरी लावली की तक्रार ‘रक्त फार येतंय’ अशी होते आणि दोष रुग्णाच्या ब्लड प्रेशरला दिला जातो.

बुबुळासाठी पॅराकेनचे (डोळा बधिर करणारे) थेंब आणि संरक्षक शील्ड वापरतात. बधिर करणारी क्रीम पापणीला लावू नये. ती डोळ्यात उतरली तर बुबुळ भाजते. कातडी स्वच्छ करायलाही क्लोरहेक्सिडिन नको, पोव्हिडोन आयोडीन घ्यावे. नाकाकडची चरबी ओढताना कातडी बधिर असूनही कळ येते. तिथे आणखी थेंबभर औषध लागते, आणि ते आधी सांगून ठेवले तर रुग्ण दचकत नाही.

नुसत्या जागेवरच्या भुलीला पोट रिकामे लागत नाही, आणि हे मुद्दाम सांगावे लागते. पंढरपूरच्या जिल्ह्यात एकादशीचा उपवास घराघरांत असतो. उपाशी आलेला, घाबरलेला माणूस सुई पाहूनच घामाघूम होतो, नाडी मंदावते आणि चक्कर येते. पाय वर केले की बहुधा भागते. दिसायला असाच, पण वेगळा प्रकार म्हणजे डोळा-हृदय प्रतिक्षेप. १९०८ मध्ये वर्णन झालेल्या या प्रतिक्षेपात चरबी किंवा स्नायू ओढल्याबरोबर नाडी एकदम उतरते. पहिला उपाय म्हणजे ओढणे थांबवणे. तेवढ्याने नाडी वर आली नाही तर शिरेतून नाडी वाढवणारे अ‍ॅट्रोपिन ०.६ मिग्रॅ. म्हणून काम कितीही छोटे असले तरी मॉनिटर लावलेला आणि शिरेत सुई घातलेली हवी.

खालच्या पापणीची चरबी आतल्या बाजूने काढायची असेल, चारही पापण्या एकाच बैठकीत करायच्या असतील किंवा रुग्ण फार धास्तावलेला असेल, तर गुंगी उपयोगी पडते. मिडॅझोलाम १ ते २ मिग्रॅ, फेंटानिल २५ ते ५० मायक्रोग्रॅम आणि इंजेक्शनच्या क्षणापुरते थोडे प्रोपोफॉल ही नेहमीची जोडणी. ती देण्याचे काम भूलतज्ज्ञाचे. एकाच माणसाने सुरी आणि गुंगी दोन्ही सांभाळू नयेत. प्रोपोफॉलच्या गुंगीत डोळ्याजवळ सुई टोचताच रुग्णाला कधी कधी अचानक शिंक येते. ती येण्याआधी श्वास खोल ओढला जातो. तो दिसला की सुई ताबडतोब बाहेर काढावी. म्हाताऱ्या माणसाला मिडॅझोलाम जास्त झाले तर तो शांत होण्याऐवजी बरळतो, हात डोळ्याकडे नेतो. सर्वांत गंभीर धोका आगीचा आहे. नाकाला ऑक्सिजनची नळी, वर चादरीचा तंबू आणि दोन इंचांवर कॉटरीची (रक्त थांबवायला वाहिन्या जाळणाऱ्या उपकरणाची) ठिणगी. चेहरा उघडा ठेवावा, ऑक्सिजन शक्यतो देऊच नये, आणि दिलाच तर कॉटरीच्या आधी मिनिटभर बंद करावा.

पूर्ण भूल लहान मुलांना, सूचना पाळू न शकणाऱ्यांना आणि चेहऱ्याची इतर मोठी शस्त्रक्रिया सोबत असेल तेव्हा देतात. तिच्यातही पापणीत अ‍ॅड्रेनालिनचे इंजेक्शन द्यावेच लागते, तेव्हा सुई टळते असे नाही. खरी अडचण जागे होताना येते. घशातल्या श्वासाच्या नळीवर खोकला किंवा नंतर उलटी झाली की डोक्यातल्या शिरांचा दाब वाढतो आणि नुकत्याच बंद केलेल्या जागेतून रक्त सुटते. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हा खोकला हमखास. गुंगी आणि पूर्ण भूल या दोन्हींसाठी हलके खाणे ६ तास आधी थांबवायचे, साधे पाणी मात्र २ तास आधीपर्यंत चालते. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असताना रात्री बारापासून पाणीही तोडले, तर रुग्ण सुकून येतो आणि भूल देताच प्रेशर कोसळते. दुधाचा चहा पाण्यात मोजत नाहीत.

भूल कोणतीही असो, डोळ्यामागे रक्त साचणे ही गुंतागुंत दर २००० शस्त्रक्रियांत सुमारे एकदा होते. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल चालू असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच बंद करावे. लसणाच्या कॅप्सूल, व्हिटॅमिन ई आणि माशाच्या तेलाच्या गोळ्या दोन आठवडे आधी थांबवाव्यात. शेंगाचटणीतल्या लसणाने काही बिघडत नाही. अ‍ॅड्रेनालिनचा असर काही तासांत ओसरला की आवळलेल्या वाहिन्या पुन्हा उघडतात, म्हणजे नेमके त्या वेळी करमाळ्याचा किंवा सांगोल्याचा रुग्ण परतीच्या एसटीत बसलेला असतो. पहिली रात्र सोलापुरातच काढावी, डोके उंच ठेवून, सोबत माणूस घेऊन. एका डोळ्यात वाढती कळ, डोळा दगडासारखा टणक होऊन पुढे येणे, दिसणे अंधुक होणे यांतले काहीही झाले तर पट्टी लगेच सोडावी आणि सकाळची वाट न पाहता शस्त्रक्रिया केलेले रुग्णालय किंवा सिव्हिलचा अपघात विभाग गाठावा. डोळ्याचा बाहेरचा कोपरा कापून दाब मोकळा करायला डॉक्टरांच्या हातात साधारण दीड ते दोन तास असतात.