युद्धकालीन शोधवृत्ताचे प्रसारनियोजन

युद्धकाळात सेना किंवा शासन दडवू पाहत असलेली माहिती शोधून काढल्यावर ती कोणत्या माध्यमांतून, कोणत्या क्रमाने व केव्हा प्रसिद्ध करायची, याची आधीच केलेली आखणी. काही अभ्यासक या प्रथेचा आरंभ क्रिमियन युद्धातील (१८५३–५६) विल्यम हॉवर्ड रसेल यांच्या ‘द टाइम्स’मधील बातमीपत्रांपर्यंत मागे नेतात. ती परिणामकारक होती हे खरे. पण ती एकाच वृत्तपत्रासाठी लिहिलेली होती. माय लाय प्रकरण (१९६९) नमुना म्हणून घेणे अधिक सयुक्तिक ठरते.

दक्षिण व्हिएतनाममधील माय लाय येथे १६ मार्च १९६८ रोजी अमेरिकी सैनिकांनी निःशस्त्र गावकऱ्यांची कत्तल केली. मृतांचा आकडा अमेरिकी सैन्याच्या तपासात ३४७ आहे, तर तेथील स्मारकावर ५०४ नावे आहेत. स्मारकाची यादी माय लाय ज्यात मोडते त्या संपूर्ण सोन माय परिसराची असल्याने ती अधिक ग्राह्य धरावी. सप्टेंबर १९६९ मध्ये लेफ्टनंट विल्यम कॅलीवरील खुनाच्या आरोपाची त्रोटक बातमी आली, पण ती दुर्लक्षित राहिली. स्वतंत्र पत्रकार सेमूर हर्श यांनी कॅलीला गाठून लिहिलेले वृत्त ‘लाइफ’ व ‘लुक’ या नियतकालिकांनी घेतले नाही. तेव्हा डिस्पॅच न्यूज सर्व्हिस या छोट्या वृत्तसंस्थेच्या डेव्हिड ऑब्स्ट यांनी सुमारे ५० संपादकांना एकामागून एक दूरध्वनी करून ते प्रत्येकी १०० डॉलरला देऊ केले. किती वृत्तपत्रांनी ते घेतले, याविषयी ३३ ते ३६ असे निरनिराळे आकडे आढळतात. ३० हून अधिक, एवढे निश्चित. तारीखही कोठे १२, तर कोठे १३ नोव्हेंबर दिलेली असते. बाराला पाठवलेले वृत्त तेराच्या अंकांत आले, असे धरल्यास मेळ बसतो.

खरा व्याप पुढच्या टप्प्यांनी वाढवला. २० नोव्हेंबरला हर्श यांचा दुसरा लेख आला. त्याच दिवशी क्लीव्हलंडच्या ‘प्लेन डीलर’ने सैन्याचे छायाचित्रकार रोनाल्ड हेबरली यांची छायाचित्रे छापली. २४ तारखेला सीबीएस दूरचित्रवाणीवर कत्तल करणाऱ्या तुकडीतील एका सैनिकाची मुलाखत झाली आणि दुसऱ्या दिवशी तिसरा लेख वाचकांच्या हाती पडला. हर्श यांना १९७० चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. केवळ छायाचित्रांनी जनमत हलवले, हे मत एकांगी वाटते. लेख, छायाचित्र व दूरचित्रवाणी यांच्या लागोपाठच्या माऱ्यामुळे बातमी विझू शकली नाही.

आखणीचा हेतू कधी वार्ताहराचे रक्षण हाही असतो. बेळगावात जन्मलेले, गोव्याच्या कुटुंबातील, कराचीचे पत्रकार अँथनी मास्करेन्हस यांचा पूर्व पाकिस्तानातील अत्याचारांवरील लेख लंडनच्या ‘संडे टाइम्स’ने त्यांची पत्नी व मुले पाकिस्तानाबाहेर पडेपर्यंत रोखून धरला व १३ जून १९७१ रोजी छापला. या लेखाने आपण हादरलो, असे इंदिरा गांधींनी आपल्याला सांगितल्याचे संपादक हॅरल्ड एव्हन्स यांनी नोंदवले आहे.

गोपनीय कागदपत्रे उघड करणाऱ्या विकिलीक्स या संस्थेने मिळवलेल्या अफगाण युद्धाच्या कागदपत्रांवरील वृत्ते ‘द गार्डियन’, ‘द न्यूयॉर्क टाइम्स’ व ‘डेर श्पीगल’ यांनी २५ जुलै २०१० रोजी ठरवून एकाच वेळी प्रसिद्ध केली.