व्हीएफएक्स सुपरवायझर

व्हीएफएक्स म्हणजे व्हिज्युअल इफेक्ट्स, संगणकावर केलेले दृश्यपरिणाम. चित्रपटातले जे दृश्य कॅमेऱ्यासमोर पूर्ण होणार नाही ते कसे टिपायचे, संगणकावर त्यात काय भरायचे, काय पुसायचे आणि हे सगळे किती दिवसांत, किती पैशांत बसवायचे, हे ठरवणारा तंत्रज्ञ. तो स्वतः संगणकावर फार थोडा वेळ बसतो. मोजमापे, नोंदी आणि दिग्दर्शक, कॅमेरामन, कलादिग्दर्शक यांच्याशी बोलणी यांतच त्याचा दिवस जातो. मराठी माणसाला ट्रिक सीन नवा नाही. प्रभातच्या ‘संत तुकाराम’मधले (१९३६) वैकुंठगमन आजही दाखवले जाते. स्वतंत्र पद रूढ झाले ते मात्र संगणकावर दृश्ये जोडली जाऊ लागल्यावर.

काम संहितेपासून सुरू होते. प्रत्येक प्रसंगाचे शॉट मोजायचे, प्रत्येक शॉटला कुठल्या विभागाचे किती दिवस लागतील ते लिहायचे आणि त्यावरून बोली लावायची. पाच सेकंदांचा शॉट म्हणजे सेकंदाला २४ फ्रेमच्या (स्थिर चित्रांच्या) वेगाने १२० फ्रेम. संकलकाला मागेपुढे सरकायला जागा म्हणून दोन्ही टोकांना आठ-आठ धरल्या तर १३६. स्टँडवरच्या स्थिर कॅमेऱ्यातला मोबाइल टॉवर पुसणे हे साधारण दिवसभराचे काम. तोच टॉवर हातातल्या कॅमेऱ्यात आणि समोरून माणसे जात असताना आला, तर प्रत्येक माणसाची कड फ्रेममागून फ्रेम कापावी लागते आणि आठवडाही पुरत नाही. रझाकारांच्या काळावरच्या, म्हणजे १७ सप्टेंबर १९४८पूर्वीच्या, चित्रपटात हैदराबाद संस्थानातले गाव दाखवायचे तर विजेचे खांब, डिश अँटेना, पत्र्याची शेड, झुडपात अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या सगळेच पुसावे लागते. म्हणून जागा पाहायला सुपरवायझरने सोबत गेलेच पाहिजे. कॅमेरा दहा फूट डावीकडे सरकवल्याने जे टळते त्याचे पैसे नंतर मोजण्यात शहाणपण नाही.

सेटवरचे काम घाईचे. शॉट ओके झाला की उजेड बदलायच्या आत करडा गोळा, चकाकता गोळा आणि २४ रंगांचा चार्ट नटाच्या जागी धरून त्याच कॅमेऱ्याने टिपतात. मग फिशआय लेन्सने चारही दिशांना, प्रत्येक दिशेला दोन-दोन स्टॉपच्या अंतराने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) पाच ते सात एक्स्पोजर, म्हणजे कमीजास्त उजेडाचे फोटो, घेतात. त्यांतून तयार होणाऱ्या चित्रावरून संगणकातल्या वस्तूंना त्या जागेचा उजेड मिळतो. मराठवाड्यातल्या उन्हात इथेच फसगत होते. सर्वांत काळ्या एक्स्पोजरमध्येही सूर्य पांढरा फटक राहिला, तर त्याची खरी ताकद नोंदलीच जात नाही आणि संगणकातल्या रथाची सावली पुचाट पडते. त्यासाठी एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळपट काच) लावून सूर्य वेगळा टिपावा किंवा नंतर स्वतंत्र दिवा म्हणून बसवावा. याखेरीज लेन्स, फोकसचे अंतर, कॅमेऱ्याची जमिनीपासून उंची, झुकाव, शटर, फिल्टर ही नोंद प्रत्येक टेकची हवी. झूम लेन्स असेल तर ‘पन्नासच्या आसपास’ असे लिहून भागत नाही. ट्रॅकिंग करणाऱ्याला, म्हणजे कॅमेऱ्याची हालचाल संगणकात हुबेहूब उतरवणाऱ्याला, मग आकडा अंदाजाने शोधत बसावे लागते. आणि नट बाहेर काढून घेतलेली रिकामी प्लेट (प्लेट म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेले मूळ चित्र) मागायला लाजू नये, असिस्टंट कितीही घाई करो.

क्रोमा म्हणजे पाठीमागचा हिरवा किंवा निळा पडदा. कॅमेऱ्यातल्या सेन्सरवर हिरव्या रंगाचे बिंदू लाल किंवा निळ्याच्या दुप्पट असतात, म्हणून हिरव्याची कड स्वच्छ निघते. पडद्यावरचा उजेड मीटरने कोपऱ्याकोपऱ्यात मोजावा. अर्ध्या स्टॉपपेक्षा जास्त फरक नको. नट पडद्यापासून किमान दहा फूट पुढे हवा, नाहीतर हिरवी झाक अंगावर येते. पांढऱ्या धोतर-सदऱ्यावर आणि वारकऱ्यांच्या टोपीवर ती सर्वांत आधी दिसते. नवरीच्या हातात हिरवा चुडा असला की मनगटाजवळ भोक पडते. मागे उभी ज्वारी असेल तेव्हाही हिरवा पडदा कामाचा नाही, निळा लावावा. उलट भीमजयंतीच्या मिरवणुकीत निळे झेंडे, निळे फेटे असतात, तिथे हिरवाच बरा. उधळलेला भंडारा किंवा गुलाल अर्धपारदर्शक असल्याने कुठल्याच पडद्यावर नीट सुटत नाही. तो काळ्या पार्श्वभूमीवर वेगळा टिपून वरून चढवतात. माळावर दुपारनंतर वारा सुटला की वीस बाय वीस फुटांच्या चौकटीवरचे कापड शिडासारखे फुगते. वाळूच्या पिशव्या आणि चारही बाजूंनी दोर नसतील तर चौकट माणसांच्या अंगावर येऊ शकते, तेव्हा हा प्रश्न सुरेख चित्राच्या आधी सुरक्षिततेचा आहे.

एप्रिल-मे महिन्यांत तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते. लांब लेन्समधून दूरचे प्रत्येक टोक हलताना दिसते आणि ट्रॅकिंग घसरते. असे शॉट सकाळी लवकर उरकावेत. उन्हाळ्यात तपकिरी दिसणारा माळ ऑगस्टमध्ये हिरवागार होतो. दुष्काळाच्या प्रसंगाचा राहिलेला एखादा शॉट पावसाळ्यात घेतला, तर गवत पुन्हा वाळवण्याचा खर्च व्हीएफएक्सच्या माथी पडतो.

देवगिरीचा किल्ला, वेरूळ, अजिंठा ही स्थळे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहेत. चित्रीकरणाला पूर्वपरवानगी लागते, ड्रोनला वेगळी. दगडावर टेप किंवा मार्कर (ट्रॅकिंगसाठीच्या खुणा) चिकटवण्याचा विचारही करू नये. मार्कर स्टँडवर लावावेत किंवा बेसॉल्टच्या भेगा, छिन्नीच्या खुणा यांचाच ट्रॅकिंगला उपयोग करावा. काळ्या दगडाचे त्रिमितीय मॉडेल फोटोंवरून करायचे असेल तर शेजारशेजारच्या फोटोंत ६० ते ७० टक्के भाग सामाईक हवा आणि आभाळ भरलेले हवे. कडक उन्हात सावल्याच मॉडेलवर कायमच्या छापल्या जातात.

गर्दी वाढवण्याचे जुने तंत्र अजून स्वस्त पडते. कॅमेरा पक्का बांधून १२० माणसे सहा जागी आळीपाळीने उभी केली की ७२०चा जमाव होतो. मात्र दोन जागांच्या सीमेवर कोणी हात पसरू नये, फेटे दर वेळी बदलावेत आणि सावली सरकण्याआधी सगळे उरकावे. तेवढ्यात ढग आला तर पुन्हा पहिल्यापासून.

चित्रीकरणानंतर रोटो (कडा कापणे), पेंट (नको ते पुसणे), ट्रॅकिंग, अ‍ॅनिमेशन, लाइटिंग, कॉम्प (सगळे थर एका चित्रात जोडणे) या विभागांचे काम सुपरवायझर रोज पडद्यावर पाहून सूचना देतो. ‘अजून छान करा’ ही सूचना नव्हे. ‘सावलीची कड मऊ करा, बुरुजाचा काळा रंग मूळ प्लेटच्या काळ्याशी जुळवा’ ही सूचना होय.

या पदाला थेट भरती जवळजवळ नसते. रोटो किंवा पेंटपासून कॉम्प, मग लीड, मग सुपरवायझर अशी वाट असते आणि दहाएक वर्षे सहज जातात. पहिली काही वर्षे कंत्राटाची, जागरणाची असतात. मोठे काम मुंबई, पुणे, हैदराबादला आहे. नांदेड-लातूरच्या मुलांना मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ पडते. शिकण्यासाठी सॉफ्टवेअरपैकी ब्लेंडर मोफत आहे, न्यूक आणि हुडिनीच्या विनाव्यावसायिक आवृत्त्याही मिळतात. चित्रकला, छायाचित्रण किंवा रंगमंचावरची प्रकाशयोजना केलेला उमेदवार बहुधा पुढे जातो, कारण उजेड कुठून येतो हे त्याला आधीच दिसते. कामाची रील दोन मिनिटांच्या आत असावी, मूळ प्लेट आधी दाखवावी आणि शॉटमधला स्वतःचा वाटा तिथेच लिहावा; दुसऱ्याचे काम आपले म्हणून दाखवले तर या छोट्या धंद्यात ते लगेच कळते.