घरी बनवलेली विजेची गाडी आणि हौशी रेडिओ: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सांगलीतील आमच्या दुकानात हब मोटर (चाकाच्या तुंब्यातच बसणारी मोटर), कंट्रोलर आणि बॅटरीचे सेल घेण्यासाठी येणारे ग्राहक आणि हौशी रेडिओसाठी, म्हणजे परवाना घेऊन छंद म्हणून रेडिओ सेटवर बोलण्यासाठी, को-ॲक्स केबल (सेट आणि अँटेना जोडणारी), अँटेनाची तार व फेराइटची (खरखर अडवणाऱ्या चुंबकीय पदार्थाची) कडी घेण्यासाठी येणारे ग्राहक पूर्वी वेगवेगळे असत. आता पुष्कळदा एकच गृहस्थ दोन्ही सामान एका पिशवीत घेऊन जातात आणि महिन्याभराने एकच तक्रार घेऊन परत येतात: गाडी चार्जिंगला लावली की सेटवर ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात खरखरीशिवाय काही ऐकू येत नाही, किंवा हँडीचे (हातात धरायच्या छोट्या सेटचे) बोलण्याचे बटण दाबले की उभी गाडी दचकते. या दोन्ही तक्रारींचे मूळ बहुधा गाडीच्या जोडणीत असते. म्हणून हे पत्रक प्रामुख्याने जोडणीविषयी आहे. कायद्याविषयी जेवढे सांगणे आवश्यक आहे, तेवढे आधी सांगतो.

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार बॅटरीवर चालणारे दुचाकी वाहन मोटार वाहन मानले जात नाही, परंतु त्यासाठी सर्व अटी एकत्र पाळाव्या लागतात. मोटरची तीस मिनिटांची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळता वजन ६० किलोपर्यंत असावे लागते, आणि या गोष्टी नियम १२६ मध्ये नमूद केलेल्या चाचणी संस्थेने तपासून मान्य केलेल्या असाव्या लागतात. पुण्याची एआरएआय ही अशा संस्थांपैकी एक आहे. मोटरवर २५० वॅट असे छापले आहे, एवढ्यावर गाडी या सवलतीत बसत नाही, हे आम्ही प्रत्येक ग्राहकाला स्पष्ट सांगतो. जुन्या स्कूटरचे इंजिन काढून मोटर बसवायची असेल, तर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे मान्यताप्राप्त किट आणि आरटीओची परवानगी लागते. मान्यतेविना केलेला प्रयोग स्वतःच्या आवारातच ठेवावा. रस्त्यावर चालवण्यासाठी म्हणून आम्ही मोठ्या मोटरचे सुटे सामान देत नाही आणि या बाबतीत आग्रह करू नये, अशी विनंती आहे.

लहान मोटरने काय होणार, असे अनेकांना वाटते. चालक आणि सायकल मिळून १०० किलो धरले, तर सांगली-मिरज रस्त्यासारख्या सपाटीवर ताशी २५ किलोमीटर जाण्यासाठी चाकाशी साधारण १५० ते २०० वॅट पुरतात. साताऱ्याहून येणाऱ्या ग्राहकांपुढे यवतेश्वरचा घाट असतो, त्यांचा हिशेब वेगळा आहे. शंभर मीटरला पाच मीटर चढण असेल, तर ताशी १५ किलोमीटरलाच सुमारे २७० वॅट लागतात. म्हणजे तेथे पायडल मारावे लागणार हे गृहीत धरूनच सायकलचे गिअर निवडावेत. मोटरला चढावर रडतखडत ढकलत नेले की तिची गुंडाळी तापते, कंट्रोलर अधिक करंट खेचतो आणि पुढे ज्या खरखरीची तक्रार येते, तिची सुरुवात बहुतेक वेळा येथूनच होते.

आता मुख्य विषय, खरखर. हब मोटरचा कंट्रोलर बॅटरीचा करंट सेकंदाला साधारण दहा ते वीस हजार वेळा चालू-बंद करून मोटरच्या तीन तारांत वाटतो. ही उघडझाप इतक्या झटक्यात होते की तिचे पडसाद मूळ वारंवारितेच्या पटीपटीने वर चढत जाऊन कित्येक मेगाहर्ट्झपर्यंत पोहोचतात. चार्जर आणि ४८ व्होल्टचे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर हे त्याच जातीचे उपकरण आहे. उपकरण स्वतः लहान असल्यामुळे फारसे काही बाहेर टाकत नाही; त्याला जोडलेल्या लांब तारा मात्र अँटेनाचे काम करतात.

त्यामुळे फेराइट विकत घेण्यापूर्वी दोषी कोण हे शोधावे. सेट बॅटरीवर चालवावा, घराचा मेन स्विच बंद करावा आणि पट्टा ऐकावा. खरखर गेली असेल, तर एकेक उपकरण पुन्हा चालू करत जावे. राहिली असेल, तर ती शेजाऱ्याच्या घरातून, रस्त्यावरील दिव्यातून किंवा विजेच्या खांबावरून येत आहे आणि आमचे कोणतेही सामान घेऊन उपयोग नाही. जवळचा दोष हुडकण्यासाठी, ज्यावर घरातील वडीलधारी मंडळी आकाशवाणी सांगली ऐकत, तो मध्यम लहरींचा जुना ट्रान्झिस्टर अजूनही उत्तम उपयोगी पडतो. दोन केंद्रांच्या मधल्या मोकळ्या जागी काटा ठेवून तो चार्जर, कंट्रोलर आणि तारांजवळून हळूहळू फिरवावा. आवाज जेथे सर्वांत वाढेल, तेथून काम सुरू करावे.

दोष चार्जरचा निघाल्यास आम्ही प्रथम चार्जर बदलण्याचाच सल्ला देतो. दुरुस्तीला आलेल्या अनेक स्वस्त चार्जरमध्ये फिल्टरच्या चोकची आणि कपॅसिटरची जागा सर्किटच्या पाटीवर छापलेली असते, प्रत्यक्षात मात्र तेथे साधी तार जोडलेली आम्ही पाहिली आहे. हे पाहण्यासाठी ग्राहकांनी चार्जर स्वतः उघडू नये, कारण प्लग काढल्यानंतरही आतील कपॅसिटरमध्ये जिवाला धोका होईल इतका दाब काही काळ राहतो.

फेराइटविषयी एक गैरसमज वारंवार आढळतो. केबलवर टिचकीने बसणारा एक मणी लावला आणि काहीच फरक पडला नाही, म्हणून फेराइटच निरुपयोगी, असे ग्राहक सांगतात. मण्यातून तार एकदाच गेलेली असते. कड्याभोवती तारेचे वेढे दिल्यास अडथळा वेढ्यांच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे पाच वेढ्यांनी तो साधारण पंचवीस पट होतो. ७ मेगाहर्ट्झसाठी सुमारे ६० मिलिमीटर व्यासाचे, ३१ क्रमांकाच्या फेराइट मिश्रणाचे कडे घेऊन त्यावर केबलचे सहा ते आठ वेढे द्यावेत. जाणारी आणि येणारी अशा दोन्ही तारा एकत्रच गुंडाळाव्यात.

याच कामातील स्वतःचा एक अनुभव येथे नोंदवणे आम्हाला आवश्यक वाटते. दुकानाच्या चाचणीच्या सायकलीवर आम्ही एकदा चार कडी चढवली, तरी गाडी चालू करताच सेटवर करकर येतच राहिली आणि ती चाकाच्या ओझ्याबरोबर वाढत होती. शेवटी मोटरच्या तीन तारांपैकी एका तारेचे लग (टोकाला दाबून बसवलेला धातूचा जोड) हाताने हलवून पाहिले, तेव्हा ते सैल आणि काळे पडलेले आढळले. तेथे सूक्ष्म ठिणगी पडत होती. लग कापून, योग्य साच्याच्या पकडीने नवे दाबून बसवले आणि नंतर दोन कडी काढून टाकली, तरी पट्टा शांत राहिला. ते लग आणखी काही आठवडे तसेच राहिले असते, तर त्या जागी तारेचे आवरण जळाले असते. तेव्हापासून तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक गाडीचे जोड आम्ही कडे विकण्यापूर्वी तपासतो, आणि गाडी बनवणाऱ्या पण रेडिओची आवड नसलेल्या ग्राहकांनाही तो मध्यम लहरींचा ट्रान्झिस्टर जवळ बाळगण्यास सांगतो. सैल जोड हाताला गरम लागण्यापूर्वी कानाला कळतो.

मोटरच्या तिन्ही तारा शक्य तितक्या आखूड ठेवून एकमेकींभोवती पिळून घ्याव्यात. बॅटरीची धन आणि ऋण तार एकमेकींना चिकटून न्यावी. जाडीच्या बाबतीतही काटकसर करू नये. दोन मीटर अंतरावर २० ॲम्पिअर न्यायचे असतील, तर जाऊन-येऊन चार मीटर तांबे लागते. ४ चौरस मिलिमीटरच्या तारेत सुमारे ०.३५ व्होल्ट हरवतात, १.५ चौरस मिलिमीटरच्या तारेत जवळजवळ एक व्होल्ट, आणि हरवलेले सगळे तारेच्या उष्णतेत जाते.

बटण दाबताच गाडी दचकणे ही तक्रार आम्ही खरखरीपेक्षा अधिक गंभीर मानतो. थ्रॉटलमध्ये, म्हणजे वेग देणाऱ्या मुठीत, हॉल सेन्सर (चुंबकाची जागा ओळखणारा घटक) असतो आणि त्याच्या तीन तारा असतात: ५ व्होल्ट, ऋण आणि संकेत. मूठ सोडलेली असताना संकेताच्या तारेवर साधारण ०.८ व्होल्ट आणि पूर्ण पिळल्यावर सुमारे ४ व्होल्ट येतात. ही तार सहसा मीटरभर लांब असते आणि १४५ मेगाहर्ट्झची लहर दोन मीटरची असते, म्हणजे ही तार जवळपास अर्ध्या लहरीएवढी भरते. हँडलजवळ ५ वॅटची हँडी बोलू लागली की ही तार ती ऊर्जा झेलते, आणि कंट्रोलरला मूठ पिळल्याचा भास होतो. शिवाय ऋण तार तुटली, तर संकेत आपोआप ५ व्होल्टकडे चढतो. चांगला कंट्रोलर अशा वेळी मोटर बंद करतो, साधा कंट्रोलर पूर्ण वेग देतो. यासाठी थ्रॉटलची केबल जाळीच्या आवरणाची घ्यावी, कंट्रोलरच्या तोंडाशी संकेत आणि ऋण यांच्यामध्ये १ नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावावा, केबलला फेराइटचे वेढे द्यावेत आणि दोन्ही ब्रेकच्या लिव्हरमध्ये मोटर तोडणारे स्विच अवश्य बसवावेत. नंतर मागचे चाक अधांतरी राहील अशी गाडी स्टँडवर घट्ट उभी करून, मूठ न पिळता, हँडी आधी कमी आणि मग पूर्ण शक्तीवर गाडीच्या चारही बाजूंनी बोलून पाहावी. चाक किंचितही हलले, तर ती गाडी रस्त्यावर आणू नये. चाचणी यशस्वी झाली, तरी चालवताना बोलू नये. गाडी बाजूला घेऊन बोलावे.

बॅटरीविषयी सर्वांत धोक्याची चूक नावामुळे होते. बाजारात ‘३६ व्होल्ट’ या एकाच नावाने दोन निरनिराळ्या बॅटऱ्या मिळतात. निकेल-मँगेनीज-कोबाल्टचे दहा सेल असलेली बॅटरी ४२ व्होल्टला पूर्ण भरते, तर लोह-फॉस्फेटचे बारा सेल असलेली ४३.८ व्होल्टला. दोन्ही चार्जरचे टोक पुष्कळदा सारखेच असते. फॉस्फेटचा चार्जर पहिल्या बॅटरीला लावला, तर प्रत्येक सेलवर ४.२ ऐवजी ४.३८ व्होल्ट येऊ पाहतात आणि मध्ये फक्त बीएमएस (सेलांवर लक्ष ठेवून वेळप्रसंगी बॅटरी तोडणारी पाटी) उभा असतो. म्हणून आमच्याकडील प्रत्येक बॅटरीवर आणि चार्जरवर आम्ही पूर्ण भरलेला दाब मोठ्या आकड्यांत लिहून देतो. घरी बनवणाऱ्यांना आम्ही लोह-फॉस्फेटच सुचवतो. वजन थोडे जास्त भरते, परंतु बिघाडाच्या वेळी ते सेल तुलनेने सौम्य वागतात आणि सांगलीच्या उन्हाळ्यात ही बाब महत्त्वाची आहे.

रेडिओसाठीही हाच प्रकार सोयीचा आहे. फॉस्फेटचे चार सेल १२.८ व्होल्ट देतात, पूर्ण भरल्यावर १४.६, बहुतेक सेट १३.८ व्होल्टच्या आसपास पंधरा टक्के कमी-अधिक दाबावर चालतात. १०० वॅटचा सेट ऐकताना सुमारे १ ॲम्पिअर आणि बोलताना २० ते २२ ॲम्पिअर घेतो. परंतु गाडीच्या मोठ्या बॅटरीतील चार सेलांवरून मधूनच तार काढून सेट चालवू नये. ते चार सेल बाकीच्यांपेक्षा रिकामे होतात, बीएमएसचा समतोल ढळतो आणि बॅटरीचे आयुष्य थोड्याच महिन्यांत संपते. रेडिओची बॅटरी वेगळी असावी, हे आमचे ठाम मत आहे. फ्यूज बॅटरीच्या धन टोकाशी वीतभर अंतराच्या आत असावा आणि घरातील एसीचा एमसीबी तेथे वापरू नये, कारण डीसीची ठिणगी एसीप्रमाणे आपोआप विझत नाही.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट सांगावीच लागते. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी कृष्णेचे पाणी सांगलीच्या वस्तीत शिरले. पुराच्या पाण्यात बुडालेली लिथियम बॅटरी कोरडी दिसली, तरी चार्ज करू नये आणि घरातही ठेवू नये. आत राहिलेल्या गाळातून करंट झिरपत राहतो आणि आग काही दिवसांनीही लागू शकते. ती घरापासून दूर, मोकळ्यावर ठेवून आम्हाला कळवावे. पावसाळ्यात पाणी वाढू लागताच बॅटरी गाडीतून काढून वरच्या मजल्यावर न्यावी. रेडिओची बॅटरी मात्र त्या दिवसांत पूर्ण भरलेली असावी.

अँटेनाबद्दल थोडक्यात. अर्ध्या लहरीच्या डायपोलची (मध्ये केबल जोडलेल्या, दोन सारख्या बाजूंच्या तारेच्या अँटेनाची) मीटरमधील लांबी १४३ ला मेगाहर्ट्झने भागून मिळते, ७.१ मेगाहर्ट्झसाठी सुमारे २०.१ मीटर, म्हणजे प्रत्येक बाजूला दहा मीटर. तार थोडी लांब कापून मग छाटत यावे आणि अँटेना गॅरेजपासून जितकी लांब नेता येईल तितकी न्यावी. उंचीचा उपयोग दोन मीटरच्या (१४५ मेगाहर्ट्झच्या) पट्ट्यावर विशेष होतो, दंडोबाच्या डोंगरावरून साधी हँडीही दूरवर पोहोचते.

बोलणारा सेट आम्ही परवाना पाहूनच देतो. हौशी रेडिओचा परवाना परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची वायरलेस नियोजन आणि समन्वय शाखा देते, आणि त्याबरोबर व्हीयू२ किंवा व्हीयू३ ने सुरू होणारे संकेतनाम मिळते. शेतावर गड्यांशी किंवा ट्रकचालकांशी व्यवहाराचे बोलण्यासाठी हौशी पट्टे वापरता येत नाहीत. तशा कामासाठी सेट मागणाऱ्यांना आम्ही नकार देतो.

गाडीविषयी तक्रार असल्यास येताना कंट्रोलर आणि चार्जर यांवरील लेबलचे स्पष्ट छायाचित्र, बॅटरीतील सेलांचा प्रकार व संख्या आणि जोडणीचा हाताने काढलेला आराखडा आणावा. बॅटरी सोबत आणायची असल्यास टोकांवर चिकटपट्टी लावून, पुठ्ठ्याच्या खोक्यात उभी ठेवून आणावी. चार्जर दाखवायचा असल्यास तो त्या दिवशी सकाळपासून प्लगला लावलेला नसावा.