दीपमाळ (मराठवाडा)

देवळासमोर दिवे लावण्यासाठी उभारलेला दगडी किंवा विटा-चुन्याचा उंच स्तंभ. यालाच दीपस्तंभ असेही म्हणतात. समुद्रातल्या बेटावर गलबतांना वाट दाखवणाऱ्या दीपगृहालाही मराठीत हाच शब्द आहे. मराठवाड्याला समुद्र नाही. इथला दीपस्तंभ उभा राहतो तो देवाच्या दारात.

खाली चौथरा, त्यावर वर निमुळता होत गेलेला गोल किंवा अष्टकोनी खांब, अशी सर्वसाधारण घडण असते. अनेक दीपमाळांना अंगातूनच बाहेर काढलेले दगडी हात असतात. त्यांवर पणत्या ठेवतात आणि दिवे लावणारा त्यांवरच पाय देत वर चढतो. म्हणून हात निखळले की दीपमाळ नुसता खांब होऊन राहते. दुरुस्तीच्या वेळी आधी हातांकडे पाहायला हवे, रंगाकडे नंतर.

या प्रदेशातली ठळक जोडी बीडची. शहराच्या पूर्वेकडील डोंगरावर खंडोबाचे हेमाडपंती धाटणीचे मंदिर आहे. त्याच्यासमोर दोन सारख्या अष्टकोनी दीपमाळा आहेत, प्रत्येकी सुमारे ७० फूट, म्हणजे २१ मीटरच्या आसपास. त्यांच्या अंगावर माणसे, देवता आणि प्राणी कोरलेले होते. त्यातल्या बहुतेक आकृतींची आज झीज आणि मोडतोड झाली आहे, आणि जवळ जाऊन पाहिले की ते फार जाणवते. मंदिर कोणी बांधले याबद्दल दोन गोष्टी सांगतात: एकीत निजामाच्या काळातले जहागीरदार सुलतानजी निंबाळकर, दुसरीत महादजी शिंदे. डोंगरावरच्या या जागेमुळे दोन्ही मनोरे दुरूनही नजरेत भरतात, आणि बीडची ओळख म्हणून अनेकदा त्यांचेच चित्र पुढे येते.

दीपमाळ उजळण्याचा मुख्य दिवस त्रिपुरी पौर्णिमा, म्हणजे कार्तिक पौर्णिमा. शंकराने त्रिपुरासुराचा वध केला त्याची ही आठवण. खंडोबाच्या ठाण्यांवर मार्गशीर्षातली चंपाषष्ठीही मोठी. पणत्यांत तेलवात घालतात. काही ठिकाणी तेलात भिजवलेली सरकी पेटवतात, ती वाऱ्यातही तग धरते. अनेक दीपमाळा नवस फेडण्यासाठी बांधलेल्या आहेत. ज्यांना मोठा स्तंभ बांधणे झेपत नाही ते तेल देतात, आणि उजळलेल्या माळेत त्यांचाही दिवा असतो.