तिकीट कोणी द्यायचे? युटातल्या कॉकस-कन्व्हेन्शन पद्धतीची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या युटा राज्याचे गव्हर्नर स्पेन्सर कॉक्स यांना एप्रिल २०२४ मध्ये त्यांच्याच रिपब्लिकन पक्षाच्या राज्य कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे उमेदवार ठरवणाऱ्या प्रतिनिधींच्या मेळाव्यात, जेमतेम ३२ टक्के मते मिळाली. प्रतिस्पर्धी फिल लायमन यांना ६७ टक्क्यांहून अधिक. पक्षाच्या जुन्या नियमाप्रमाणे लढत तिथेच संपली असती, कारण ६० टक्के ओलांडणाऱ्याला उमेदवारी थेट मिळायची. पण कॉक्स यांनी आधीच मतदारांच्या २८,००० सह्या जमवून थेट प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार मतदारांनीच निवडायच्या निवडणुकीत, उतरण्याचा मार्ग धरला होता. जूनमधली प्रायमरी त्यांनी जिंकली. हे सगळे कायद्याला धरून झाले, तरी ते योग्य होते का, यावर युटातले रिपब्लिकन दहा वर्षांहून अधिक काळ भांडत आहेत. माझा कौल कन्व्हेन्शनच्या बाजूने आहे.

कन्व्हेन्शन म्हणजे बंद खोलीत चालणारा पुढाऱ्यांचा कारभार, असे आज सर्रास बोलले जाते. इतिहास उलटा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार काँग्रेसचे (अमेरिकी संसदेचे) सदस्य आपसात बसून ठरवत. १८२४ मध्ये अशाच बैठकीने विल्यम क्रॉफर्ड यांचे नाव पुढे केले, बहुतेक सदस्य तिकडे फिरकलेच नाहीत, आणि ती प्रथा मोडली. १८३१ मध्ये अँटी-मेसॉनिक पक्षाने बाल्टिमोरला पहिले राष्ट्रीय कन्व्हेन्शन भरवले; पुढच्याच वर्षी डेमोक्रॅट तिथेच जमले. उमेदवार निवडण्याचा हक्क काँग्रेसमधून काढून गावोगावच्या प्रतिनिधींकडे देणारी ही सुधारणा होती. पुढे तिच्यात दलाल शिरले हे खरे, आणि त्यावर उपाय म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी विस्कॉन्सिनसारख्या राज्यांनी प्रायमरी आणली.

युटाने दोन्ही करून पाहिले आहे. १८९६ मध्ये राज्य झाल्यापासून तिथे कन्व्हेन्शनच होते. १९३७ मध्ये विधिमंडळाने खुली प्रायमरी आणली आणि दहा वर्षांनी, १९४७ मध्ये, राज्य पुन्हा कन्व्हेन्शनकडे वळले. प्रायमरी उरली ती कन्व्हेन्शनमध्ये निकाल न लागलेल्या लढतींसाठी.

कामकाज असे चालते. निवडणुकीच्या वर्षी मार्चमधल्या एका संध्याकाळी पक्षाचे मतदार आपापल्या वस्तीत, बहुधा शाळेच्या वर्गात, जमतात; यालाच कॉकस म्हणतात. तिथे शेजारीच शेजाऱ्यांतून प्रतिनिधी निवडतात. राज्य कन्व्हेन्शनला असे सुमारे ४,००० जण जातात. मधल्या काही आठवड्यांत उमेदवारांना या प्रतिनिधींना भेटावे लागते, फोनवर उत्तरे द्यावी लागतात, त्यांच्या बैठकखोलीत बसून करांपासून पाण्यापर्यंत सगळे ऐकून घ्यावे लागते. सिनेटर असो की नवखा वकील, दोघांनाही तेच प्रश्न. कन्व्हेन्शनच्या दिवशी फेऱ्यांमागून फेऱ्या होतात, कमी मतांचे गळतात, आणि कोणीच ६० टक्क्यांवर गेले नाही तर पहिले दोघे प्रायमरीत उतरतात.

पैसा नसलेल्या माणसाला या रचनेत खरी संधी मिळते. २००८ मध्ये जेसन चॅफेट्झ यांच्याकडे विद्यमान खासदार ख्रिस कॅनन यांच्या तुलनेत निधी फारच थोडा होता. कन्व्हेन्शनमध्ये ते ६० टक्क्यांच्या अगदी जवळ पोचले आणि प्रायमरीत त्यांनी कॅनन यांना हरवले. टीव्हीवरच्या जाहिरातींवर चालणाऱ्या राज्यव्यापी मोहिमेत हे कसे जमले असते, मला दिसत नाही.

ठिणगी पडली २०१० मध्ये. तीन वेळा सिनेटर झालेले बॉब बेनेट यांनी २००८ च्या बँक-बचाव कायद्याला मत दिले होते. प्रतिनिधींनी त्याचा जाब विचारला आणि बेनेट दुसऱ्या फेरीत तिसऱ्या स्थानावर येऊन बाहेर पडले. जागा शेवटी माईक ली यांना मिळाली. त्याआधी २००४ मध्ये गव्हर्नर ओलीन वॉकर यांनाही कन्व्हेन्शनने घरी पाठवले होते. माजी गव्हर्नर माईक लेव्हिट यांच्यासारखी वजनदार मंडळी मग कन्व्हेन्शनऐवजी थेट प्रायमरी मागणाऱ्या ‘काउंट माय व्होट’ या मोहिमेत उतरली. कन्व्हेन्शनची पद्धत मतदारांच्या थेट कौलाने मोडीत निघेल या धास्तीने विधिमंडळाने २०१४ मध्ये तडजोड केली. एसबी ५४ या कायद्याने सह्यांचा दुसरा मार्ग उघडला: राज्यव्यापी पदासाठी २८,०००, अमेरिकी प्रतिनिधीगृहासाठी ७,०००, राज्य सिनेटसाठी २,०००, राज्य प्रतिनिधीगृहासाठी १,०००.

एवढ्या सह्या स्वयंसेवकांच्या बळावर जमवणे फार कठीण. मोठे उमेदवार त्यासाठी कंपन्या नेमतात. म्हणजे ज्याच्याकडे पैसा आहे त्याला प्रतिनिधींसमोर उभे न राहताही मतपत्रिकेवर जागा मिळते. २०१६ मध्ये गव्हर्नर गॅरी हर्बर्ट आणि २०१८ मध्ये सिनेटसाठी उभे असलेले मिट रॉमनी कन्व्हेन्शनमध्ये मागे पडले आणि प्रायमरीत सहज जिंकले.

विरोधकांचा सर्वांत जोरदार आक्षेप नेमका इथेच आहे: प्रतिनिधींचे मत सामान्य मतदारांशी जुळत नाही. तो खोटा नाही. रात्रपाळीचा कामगार, तान्ह्या मुलाची आई, परदेशी तैनात सैनिक, धर्मप्रचाराच्या मिशनवर गेलेला तरुण यांना त्या संध्याकाळी हजर राहता येत नाही. ही खोट दूर व्हायलाच हवी, आणि गैरहजर मतदानाची सोय, वेळेत सवलत अशा उपायांनी ती दूर करता येते. २०१२ मध्ये एलडीएस (मॉर्मन) चर्चने सदस्यांना कॉकसला जाण्याचे आवाहन केले तेव्हा वर्ग भरून वाहिले, आणि प्रतिनिधींचा कलही बदलला. विद्यमान सिनेटर ऑरिन हॅच ५९ टक्क्यांवर पोचले आणि पुढे प्रायमरी जिंकून सिनेटमध्ये परतले. लोक आले की कॉकस त्यांच्यासारखे दिसू लागते. मग खोली मोठी करायची सोडून तिला वळसा का घालायचा?

शिवाय पक्ष ही स्वेच्छेने जमलेल्यांची संघटना आहे. आपला उमेदवार कसा निवडायचा हे तिनेच ठरवावे. याच मुद्द्यावर युटातला पक्ष न्यायालयात गेला. २०१५ मध्ये त्याला अर्धे यश आले: पक्षात नाव नसलेल्यांना प्रायमरीत मत देऊ देण्याची सक्ती रद्द झाली. सह्यांचा मार्ग मात्र टिकला. मार्ग निवडण्याचा हक्क उमेदवाराचा, पक्षाचा नव्हे, असे युटाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितले. दहाव्या सर्किटच्या संघीय अपील न्यायालयाने २०१८ मध्ये दोन विरुद्ध एक असा निकाल देऊन कायदा उचलून धरला, आणि २०१९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला.

लायमन यांनी २०२४ मध्ये पक्षाचा ६० टक्क्यांचा नियम पुढे करून पुन्हा युटाच्या सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. याचिका फेटाळली गेली. नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर रिपब्लिकन म्हणून कॉक्स यांचे नाव छापले गेले. लायमन यांना मत द्यायचे तर ते नाव मतदाराला हाताने लिहावे लागले.