आतल्या दारांच्या सजावटीची पार्श्वभूमी

घरातल्या आतल्या दारांना गडद रंग देणे, त्यांवर पट्ट्या लावून चौकोन उठवणे, दार भिंतीत बेमालूम मिसळून टाकणे किंवा सरकते दार बसवणे, या गोष्टी आज सजावटीच्या नव्या कल्पना म्हणून सुचवल्या जातात. खरे पाहता यांतली एकही नवी नाही. नवे आहे ते कोरे, सपाट दार, कारण त्याचा प्रसार गेल्या शंभरेक वर्षांतला आहे.

दारावरच्या चौकोनी पॅनलांचा उगम शोभेत नसून लाकडाच्या स्वभावात आहे. लाकूड दमट हवेत फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. मात्र ही हालचाल लांबीत नगण्य आणि रुंदीत बरीच असते, त्यामुळे रुंद फळ्या घट्ट जखडून केलेले दार काही काळाने पिळवटते, चिरते किंवा चौकटीत अडकते. सुतारांनी त्यावर काढलेला तोडगा असा, की अरुंद उभ्या-आडव्या पट्ट्यांचा सांगाडा पक्का जोडायचा आणि मधल्या फळ्या त्याच्या खोबणीत सरस न लावता मोकळ्या ठेवायच्या. खोबणीत शिरण्यासाठी फळीची कड तासून पातळ करावी लागते, आणि त्या उतारावर पडणारी सावली हीच पॅनलच्या दाराची सारी शोभा. रोमनांना ही रीत ठाऊक होती. इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियम या रोमन नगरातील एका घरात दोन दालनांमधली लाकडी कवाडे कोळसा होऊन टिकली आहेत. जवळच्याच ओप्लोंटिस येथील प्रासादात तर भिंतीवर बंद दारे नुसती रंगवलेली आहेत. दाराचा दिमाख हवा होता, जाण्यायेण्याची वाट नव्हे.

युरोपातील राजवाड्यांत पुढे दालनांची दारे एका सरळ रेषेत आली आणि ती सगळी उघडली की नजर टोकापर्यंत जाऊ लागली. याच वाड्यांत उलट्या प्रकारचीही दारे होती, म्हणजे भिंतीचेच कापड आणि नक्षी लावून लपवलेली. 6 ऑक्टोबर 1789 रोजी जमाव फ्रान्सच्या व्हर्साय राजवाड्यात घुसला, तेव्हा राणी मारी आंत्वानेत शयनगृहातल्या अशाच दारातून निसटली. जपानमध्ये वाटच वेगळी होती. तिथे कागद किंवा कापड चढवलेली सरकती फुसुमा दारे हीच खोलीची भिंत असल्यामुळे चित्रकाराला सलग मोठा फलक मिळाला. क्योटोच्या निजो किल्ल्यातील कानो घराण्याच्या चित्रकारांची सोनेरी पार्श्वभूमीवरची पाइन वृक्षांची चित्रे याच फलकांवर आहेत.

विसाव्या शतकात प्लायवूड आले आणि लाकडाची जुनी खोड मोडली. पातळ थर एकमेकांना काटकोनात चिकटवले की ते परस्परांना हलू देत नाहीत, म्हणून पॅनलांची गरजच संपली. त्या काळच्या आधुनिक वास्तुकारांना नक्षीचा तिटकारा होता. त्यामुळे सपाट दार त्यांच्या पथ्यावर पडले आणि कल्पकता दाराच्या पृष्ठभागावरून त्याच्या हालचालीकडे व मुठीकडे वळली. नेदरलँड्समधील उत्रेख्त येथे 1924 मध्ये वास्तुकार खेरिट रीटफेल्टने श्र्योडर घराचा वरचा मजला सरकत्या पडभिंतींनी असा बांधला, की खोल्या दिवसा नाहीशा व्हाव्यात. तत्त्वज्ञ विट्गेन्श्टाइनने व्हिएन्नात बहिणीच्या घरासाठी धातूची दारे आणि त्यांच्या मुठी स्वतः आखल्या. कलावंत मार्सेल द्युशांने 1927 मध्ये पॅरिसच्या आपल्या लहानशा घरात सुताराकडून एकच दार दोन चौकटींच्या कोपऱ्यात बसवून घेतले. एक वाट बंद केली की दुसरी उघडी. या सगळ्यांत मला हेच दार सर्वांत सरस वाटते, कारण त्यावर सजावट म्हणावी असे काहीच नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर घरांची बांधणी वेगाने झाली आणि आतून पोकळ दारे सर्रास वापरात आली. दोन पातळ फळ्यांमध्ये पुठ्ठ्याची मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी आणि कडेने लाकडाची चौकट, एवढाच त्यांचा ऐवज. पुढे लाकडाच्या तंतूंपासून दाबून घडवलेल्या तंतुफलकावर पॅनलांचे उठावच नव्हे, तर लाकडाच्या रेषाही उमटवल्या जाऊ लागल्या. आजही अशा दारावर पट्ट्यांचे चौकोन उठवायचे असतील, तर मधल्या भागात खिळा धरायला आत लाकूड नसते. म्हणून पट्ट्या गोंदानेच बसवाव्या लागतात.